पलंगाची दिशा

सॉल्ट (जॉर्डन), ४ मे

अबू कैस,

तुझ्या पोराच्या नावाने, कैसचा बाप म्हणून, हाक मारते आहे. परक्या माणसाला अशीच मारतात, आणि दीड वर्षात तू तेवढा परका झालाच आहेस. फोनवर मला आणि यम्माला बंद करून ठेवलंस, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या मेलवर. साहेबाचं असेल समजून तरी उघडशील.

मुद्द्याचं आधी सांगते. यम्माच्या हृदयाची झडप कामातून गेली आहे. ३० मेला अम्मानला ऑपरेशन ठरलंय. नाही केलं तर उन्हाळा काढणार नाही, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले. रक्त देणारे ठरले, खोली ठरली, सहीचा कागद समोर आला आणि बाईसाहेबांनी पेन बाजूला ठेवलं. "सुहैब दिसल्याशिवाय मी सही करणार नाही." डॉक्टर म्हणाले, "हाज्जा, मुलगा नंतर येईल की." ती म्हणाली, "नंतर म्हणजे केव्हा? मी असताना की मी गेल्यावर?"  

तेव्हा तू यायचंस. दोह्याहून विमानाला तीन तास लागतात, मला पाठ आहे.

तुझा राग मी विसरलेली नाही. बाबांच्या दुखवट्याचा तिसरा दिवस होता, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मी कडू कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तू सगळ्यांदेखत यम्माला म्हणालास, "माणूस शेवटचा श्वास घेत असतो तेव्हा त्याचं तोंड मक्केकडे करतात. तू तर बाबा चहा पीत बसले होते तेव्हा केलंस. त्यांनी किब्ल्याकडे वळवलेला पलंग बघितला आणि ते समजले, घरच्यांनी आपल्याला सोडून दिलं. त्या दिवसापासून त्यांनी औषध घेतलं नाही. तू मारलंस त्यांना." यम्माने ओढणी सारखी केली आणि आत गेली. तू संध्याकाळच्या विमानाने गेलास.

आता किती दिवस उकरत बसायचं ते? बाबा जाणारच होते. फुप्फुसात काय उरलं होतं, ते तूही रिपोर्टात वाचलं होतंस. पलंग इकडे असता काय, तिकडे असता काय.

माझं विचारणार नाहीस, तरी सांगते. इंटिरिअरचं चौथं वर्ष संपत आलंय. २२ मेला ज्युरी, म्हणजे परीक्षक भिंतीवर नकाशे लावून घेतात आणि उभं करून सोलतात. मला कॅन्सरचा बारा खाटांचा वॉर्ड आला आहे. मागून घेतलेला नाही, चिठ्ठीत निघाला.

उत्तर दे.

रुबा

---

सॉल्ट, ९ मे

अबू कैस,

दीड वर्षाने तुझ्या तीन ओळी आल्या. एवढ्या शब्दांनी दमला असशील.

"तिने खालो नायफसमोर एकदा कबूल करावं, की पलंग तिने वळवला आणि ती चुकली. मग मी येईन." मी हे यम्माला वाचून दाखवणार नव्हते. पण मेल आल्याचं माझ्या तोंडावरून तिला कळलं. ऐकून म्हणाली, "एवढंच ना? म्हणते."

मी म्हणाले, "काहीही म्हणशील?"

"म्हणेन. त्यात काय, जीभ झिजते का?"

"आणि नायफमामाने आयुष्यभर तुला त्याच नजरेने बघितलं तर?"

"नायफला डोळ्याने दिसतंच किती," ती म्हणाली आणि लगेच त्याला फोन लावला. २४ तारखेला, शुक्रवारच्या नमाजानंतर खालो नायफ तुझ्या वतीने रीतसर येणार आहे. कॉफीचा कप पुढे ठेवला जाईल आणि ती शब्द उच्चारत नाही तोवर तो कपाला हात लावणार नाही. खुनाचं भांडण मिटवायला बसतात तसं बसणार आहोत आपण. बहीण-भाऊ आहेत ते, सुहैब. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलाय.

तू खुशाल तिथे थंड खोलीत बस. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? त्या वेळी बाबांना उचलून बसवणारे हात यम्माचे होते, थुंकी पुसणारे हात तिचे होते. तू दर गुरुवारी फोन करून डॉक्टर बदला, डॉक्टर बदला म्हणत होतास.

जाऊ दे. मी भांडायला लिहिलं नव्हतं.

वॉर्ड बघायला गेले होते. जुनी इमारत, लांबट खोली, दोन्ही भिंतींना सहा-सहा खाटा. एका बाजूच्या सगळ्या खाटांचं तोंड बरोबर किब्ल्याकडे येतं. कुणी मुद्दाम केलेलं नाही, भिंतच तशी आहे. तिथे उम्म गाज़ी नावाची एक म्हातारी होती, करक गावची, जिभेला हाड नसलेली. तिला नर्सने त्या बाजूच्या खाटेवर आणलं, तशी ती दोन्ही हातांनी दांडा धरून उभीच राहिली. "इथे नाही. समोर दे."

नर्स म्हणाली, "हाज्जा, इथून खिडकी दिसते, डोंगर दिसतो."

"डोंगर मी सत्तर वर्षं बघितला. मला अजून घाई नाही, पोरी. घाई होईल तेव्हा माझी मुलं वळवतील मला."

सगळा वॉर्ड हसला. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. घरी येऊन नकाशातल्या सगळ्या खाटा तिरक्या केल्या. तसं केलं की बाराच्या अकरा होतात. आमच्या प्राध्यापक डॉ. मैसून भिंतीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "एका रोग्याला कुठे पाठवलंस?" मी म्हणाले, उजेडासाठी तिरक्या केल्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "गेल्या वर्षी चाळीस खोल्यांचं हॉटेल केलंस. दर खोलीच्या छताला किब्ल्याचा बाण काढलास आणि चाळीसही पलंग त्या बाणाला पाठ करून ठेवलेस. तुझं मक्केशी काही वाकडं आहे का ग?" सगळी मुलं हसली, मीही हसले.

तू येतो म्हणालास ते यम्माने धरून ठेवलंय. शब्द फिरवू नकोस.

रुबा

---

सॉल्ट, १५ मे

सुहैब,

आज अबू कैस लिहीत नाही. आज मला माझा भाऊ पाहिजे.

सकाळी यम्मा द्राक्षाची पानं भरत बसली होती. डॉक्टरांनी तिला काम करायला बंदी केलीय, पण पानं वळणं म्हणजे काम नाही, असं तिचं मत. मी दाराआड होते. ती पुटपुटत होती. आधी वाटलं दुआ म्हणते आहे. मग ऐकू आलं, "मी, उम्म सुहैब, सुहैबची आई, माझ्या भावाच्या साक्षीने सांगते, की अबू सुहैबचा पलंग मी वळवला." थांबली. पान गुंडाळलं. "मी माझ्या अकलेने वळवला." मान हलवली, नाही पटलं. पुन्हा पहिल्यापासून. पोरं शाळेत पाठांतर करतात तसं चाललं होतं.

मला बघितल्यावर म्हणाली, "बरं झालं आलीस. मला सांग, 'चुकलं' म्हणू की 'गुन्हा झाला' म्हणू? त्याला कशाने बरं वाटेल?"

माझ्या हातातून चहाचा पेला गेला. मी काचा गोळा केल्या, फरशी पुसली आणि खोलीत येऊन हे लिहिते आहे.

सुहैब, पलंग मी वळवला.

यम्माने नाही, मी. तिने फक्त दुसरी बाजू उचलली, कारण मला एकटीला पेलत नव्हता.

तेव्हा माझं वर्ष घराच्या प्रोजेक्टचं होतं. विषय होता, घरात एक आजारी माणूस आहे, घर त्याच्यासाठी बदला. बाकी सगळ्यांनी खोटी माणसं घेतली. मला वाटलं, माझ्याकडे खरं आहे. पाहुण्यांची खोली खालच्या मजल्यावर, जिना नाही, सगळ्यात मोठी. पण तिच्यात सोनेरी कोच मांडून ठेवलेले, प्लास्टिकसकट. मी ते बाहेर काढले. यम्मा म्हणाली, "पाहुणे आले तर?" बाबा म्हणाले, "आता मीच पाहुणा." तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. त्यांना नमाजासाठी रोज पाच वेळा उठवून खुर्चीवर बसवावं लागायचं आणि दर वेळी खोकल्याची उबळ यायची. म्हणून पलंगच किब्ल्याकडे केला, की उशीला टेकल्या टेकल्या नमाज होईल. नकाशावर मी तसं लिहिलंही होतं. वीस वर्षांची होते मी. किब्ला म्हटलं की मला नमाजच आठवला. दुसरं काही आठवलंच नाही, बाबांच्या कबरीची शपथ.

तू यम्माला बोललास तेव्हा ट्रे माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. ती आत गेली तेव्हा वाटलं, रात्री सांगू. रात्री तू विमानात होतास.

शुक्रवारी तिला ते शब्द बोलायला लावू नकोस. खालो नायफला सांग, येऊ नका. आणि तू ये.

रुबा

---

सॉल्ट, २२ मे

सुहैब,

"आईला वाचवायला खोटं बोलू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे." इतकंच लिहिलंस.

माझा स्वभाव तुला माहीत असता तर बरं झालं असतं. कबूल करायला मला दीड वर्ष लागलं, आणि कबूल केलं तर तू माझं खरं धरत नाहीस. मामा शुक्रवारी येणारच आहे. म्हणजे परवा. तेव्हा आता सगळं ऐक. मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं आजपर्यंत यम्मालाही ठाऊक नव्हतं.

सोबत दोन फोटो जोडले आहेत. तारीख बघ, १६ नोव्हेंबर. हे माझ्या त्या वर्षीच्या ज्युरीसाठी काढलेले फोटो, खोली बदलल्यानंतरचे. दुसऱ्या फोटोत कडेला बाबांचा हात दिसतो, त्यात कंगवा आहे. फोटो काढणार म्हणून त्यांनी केस विंचरले होते. केस उरलेच किती होते, तरी विंचरले.

पलंग वळवला शनिवारी. रविवारी मी एकटी त्यांच्याजवळ होते. ते म्हणाले, "रुबा, पलंग परत फिरव ग. मला त्या भिंतीकडे बघवत नाही."

तेव्हा मला कळलं. लगेच कळलं, सुहैब.  आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "बाबा, गुरुवारी ज्युरी आहे. बुधवारी ऊन चांगलं येतं, तेव्हा फोटो काढते. मग लगेच फिरवते."

 ते शाळेत शिकवताना बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "बरं. शिक्षण आधी."

चार दिवस त्यांनी त्या भिंतीकडे बघितलं. माझ्या फोटोसाठी. गुरुवारी मला वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले. डॉ. मैसूननी माझा नकाशा दाखवून सांगितलं, हिने घरच्या रीतीचा विचार केलाय. मी धावत घरी आले, म्हणाले, "बाबा, चला, आता फिरवू." ते म्हणाले, "राहू दे. सवय झाली." सोमवारी हॉस्पिटलची गाडी आली तेव्हा म्हणाले, "आता कुठे नेता? पोचलो की मी." पुढचं तुला माहीत आहे. गाडी परत गेली. नऊ दिवसांनी ते गेले.

डॉक्टर म्हणाले होते, औषध घेतलं असतं तर फार तर दोन महिने. ते दोन महिने मी फोटोंवर घालवले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी सांगितलं. ज्युरीत. हॉस्पिटलकडून आलेले एक वयस्कर इंजिनिअर परीक्षक होते, त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "बारा मागितल्या होत्या, अकरा दिल्यात. एक खाट म्हणजे वर्षाला किती माणसं, हिशेब केलाय?" मी म्हणाले, उजेड. ते म्हणाले, "उजेड दोन्ही बाजूंनी येतोय, बेटा. खरं काय ते सांग." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी निभावून नेलं असतं. मी उम्म गाज़ीचं सांगायला लागले आणि बाबांवर आले. तीस मुलं बसली होती. मला थांबताच येईना. शेवटी ते इंजिनिअर म्हणाले, "माझ्या वडिलांना मीही विचारलं नव्हतं," आणि खाली बघून कागदावर काहीतरी लिहीत राहिले. डॉ. मैसूननी मला पाणी दिलं. गुणांचं काय होईल ते होवो.

घरी येऊन यम्मालाही सांगितलं, रविवारचं. ती पलंगावर बसली होती. म्हणाली, "मला का नाही बोलावलंस? आपण दोघींनी पाच मिनिटांत फिरवला असता." एवढंच. ओरडली असती तर चाललं असतं.

आता तुझी खात्री पटली असेल. राग माझ्यावर काढ, पाहिजे तेवढा. तिच्यावरचा सोड.

रुबा

---

अम्मान, ३० मे

सुहैब,

शुक्रवारी तू मामाच्या फोनवर होतास, पण तुला आवाज तेवढा आला. काय झालं ते तू बघितलं नाहीस, म्हणून लिहिते.

खालो नायफ नमाजाहून आला. यम्माने नवी चादर घातली होती, स्वतः कॉफी केली. कप त्याच्या पुढे ठेवला. तो कप न उचलता बसला. मग तुझा फोन. तू म्हणालास, पत्र वाचलं, फोटो बघितले. यम्माची माफी मागितलीस. तुझा आवाज फुटला तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मला वाटलं, झालं, आला माझा भाऊ.

मग तू म्हणालास, "मी येतो. उद्याच तिकीट काढतो. पण मी आहे तोवर रुबा त्या घरात नको."

मी उठलेच होते. खरं सांगते, मला वाईटसुद्धा वाटलं नाही. खालाकडे, मावशीच्या घरी, जाऊन राहायचं, पंधरा दिवसांचा प्रश्न, पिशवी भरायला आत निघाले. खालो नायफ म्हणाला, "बहिणी, ऐक. सुहैबचं मागणं मोठं नाही. मुलगी माझ्याकडे येईल. तू हो म्हण, की मी कॉफी घेतो."

यम्माने पुढे होऊन आपल्या पंजाने कप झाकला. "हात लावू नकोस, नायफ. हे मागणं मी देणार नाही."

"वेडी आहेस का? मुलगा येतोय."

"माझ्या घरातून माझी मुलगी काढून माझा मुलगा येणार असेल, तर नको येऊ दे." मग फोनकडे तोंड करून तुझ्याशी बोलली. ते तू ऐकलंस. "सुहैब, तू मला खुनी म्हणालास, ते मी पचवलं. तेवढं पोट आहे माझं. हे नाही पचणार." आणि तिने फोन बंद केला. मामाने नाही, तिने.

आपल्या घरात पाहुण्याचा कप पहिल्यांदाच भरलेला परत गेला. मामा दाराशी बूट घालून निघून गेला.

मी तिला विचारलं, "मग इतके दिवस माझं स्वतःवर का घेतलंस? एवढी खोटी शपथ पाठ करत होतीस." ती म्हणाली, "आईवर रुसलेला मुलगा आज ना उद्या येतो. बहिणीवर रुसलेला भाऊ ईदला फोन करतो, तेवढंच. मी काय, या झडपेची माणूस. मी गेल्यावर तुला कोण आहे? मला वाटलं, तेवढं राखून ठेवावं." वर म्हणाली, "तू ते सगळं उधळलंस. पण बरं केलंस." मग म्हणाली, "पेन आण."

तिने सही केली, सुहैब. तुला न बघता. पहिलं अक्षर वाकडं आलं, म्हणून तिने कागदाला शिव्या दिल्या.

आज सकाळी साडेसात वाजता तिला आत नेलं. पाच-सहा तास लागतील म्हणाले. ट्रॉलीवर असताना तिने तुझं नाव घेतलं नाही आणि माझंही नाही. नर्सला म्हणाली, "माझे दात नीट ठेवा."

मी दाराबाहेर आहे. नातेवाइकांसाठी इथे एकच खुर्ची ठेवली आहे. ज्याने हे दालन आखलं, त्याला वाटलं असेल, माणसाला एकच माणूस असतो. मी सकाळपासून तिच्यावर बसले आहे आणि फोनवर तुला हे लिहिते आहे.

तुझ्याकडे अजून वेळ आहे. ती शुद्धीवर येईपर्यंत तू इथे पोचू शकतोस. पाचवा मजला, लिफ्टमधून उजवीकडे. माझ्याशी बोलू नकोस, बघूही नकोस. मी केलं ते केलं, त्याची शिक्षा तू ठरवायची गरज नाही, ती मी रोज भोगते. पण यम्माने जे झाकून ठेवलं, माझं त्या घरात असणं, ते तिच्या पंजाखालून ओढून काढायला मी आता कुणाला मदत करणार नाही. तुलाही नाही, मलाही नाही.

तू आलास तर मी या खुर्चीवरून उठेन. घरातून उठणार नाही.

रुबा